तिसऱ्या डिशचं झाकण

माझ्या आईवर चांदीचं झाकण चोरल्याचा आळ आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता मी बासष्टची आहे, आई पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहे आणि मधली वीसएक वर्षं मी ते झाकण शोधण्यात घालवली आहेत. कोणी सांगितलं होतं म्हणून नाही. आईने तर नाहीच.

आम्ही कॅम्पातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायचो. वडील तिथे माळी होते. ते गेल्यावर बंगल्यातल्या मोठ्या बाईंनी आईला आत घेतलं, टेबल लावायच्या आणि चांदी घासायच्या कामाला. त्या घरात चांदीच्या चार लांबट डिश होत्या. प्रत्येक डिशवर घुमटासारखं उंच झाकण. पाहुणे आले की पुलाव, कटलेटं, भाज्या असं सगळं त्या घुमटांखाली झाकून टेबलावर जायचं आणि सगळे बसले की झाकणं एकदम उचलली जायची. झाकणाची वरची मूठ फिरवली की निघून यायची. मग झाकण उलटं ठेवलं की त्याचीच आणखी एक डिश व्हायची. मला ही मोठी जादू वाटे. आई त्या झाकणांना टोपडी म्हणायची.

दर शनिवारी आई खडूच्या पुडीने ती चांदी घासायची आणि मी शेजारी बसायचे. प्रत्येक डिशच्या काठाखाली एक बारीक आकडा कोरलेला होता, तोच आकडा तिच्या झाकणाच्या आत आणि मुठीवरही. एकचं झाकण दोनवर ठेवलं तर नीट बसायचं नाही, किंचित डुगडुगायचं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण ते चार आकडे ती ओळखायची. इंग्रजी एक ते चार मी शाळेत नाही, त्या काठांवर शिकले. काठाला दोरीसारखा पीळ होता आणि झाकणाच्या पोटावर एक पक्षी कोरलेला होता, चोचीत काडी धरलेला. हे सगळं बंगल्याच्या आधीच्या इंग्रज मालकाकडून आलं होतं म्हणे.

एके दिवशी मोठ्या बाईंच्या मैत्रिणी जेवायला येणार होत्या. साहेब, म्हणजे बाईंचे यजमान, तीन-चार दिवसांपूर्वीच परदेशी गेले होते, दोन महिन्यांसाठी. कपाट उघडलं तर डिश चार आणि झाकणं तीन. तिसऱ्या डिशचं झाकण नव्हतं.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी आईला आमची पत्र्याची पेटी व्हरांड्यात आणायला सांगितली. आईनेच ती उचलून आणली. सगळ्या नोकरांसमोर पेटी उपडी केली गेली. दोन लुगडी, वडिलांचा एक फोटो, माझे शाळेचे कपडे, एका डब्यात थोडी हळकुंडं. झाकण निघालं नाही. न निघाल्यामुळे तर बाईंची खात्रीच पटली की ते आधीच बाहेर गेलं. "पोलिसात देत नाही, तुझ्या मुलीकडे बघून," त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "बाई, म्या न्हाई घेतलं." एवढंच. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. हळकुंडं एकेक वेचून डब्यात भरली आणि दुपारच्या आत आम्ही फाटकाबाहेर होतो.

आम्ही शहराबाहेरच्या मांजरी गावाला, मामाकडे गेलो. तेव्हा मांजरी म्हणजे ऊस आणि चिखल. बातमी आमच्या आधी पोहोचली होती की नंतर, ते मला आठवत नाही, पण मामी आम्हाला जेवायला वाढायची आणि जेवणं झाली की भांडी मोजायची. आवाज करून मोजायची. वाट्या सहा, फुलपात्री पाच, तांब्या एक. आई चुलीपुढे बसून ऐकायची. चार महिने तिने ऐकलं. मग कोणीतरी कर्वेनगरातल्या मुलींच्या वसतिगृहात चपात्यांचं काम असल्याचं सांगितलं आणि आम्ही तिकडे आलो ते आलोच. आईने तिथे सत्तावीस वर्षं चपात्या लाटल्या. मी शिकले, सरकारी कचेरीत कारकून झाले, लग्न केलं नाही, आईला कधी एकटं सोडलं नाही. आई मामाकडच्या लग्नकार्याला गेली, मामाच्या बाराव्याला गेली, पण त्या घरात तिने नंतर घोटभर पाणीही घेतलं नाही.

चोरीबद्दल आम्ही घरात बोलायचो नाही. एकदाच, मी चाळिशीत असताना, एका लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर स्टीलची तसली घुमटाकार झाकणं मांडलेली होती. आई त्यांच्यासमोर थांबली. मागची माणसं ताटं घेऊन खोळंबली. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "सापडलं आसंल का गं ते?"

त्यानंतरच्या रविवारी मी जुन्या बाजारात गेले. माझा हिशेब सरळ होता. ज्याने चोरलं त्याने ते विकलं असणार. डिशशिवायचं नुसतं झाकण कोणाच्या उपयोगाचं? ते हातोहात फिरत कधीतरी बाजारात येणार. आणि आलं तर काय करणार होते मी? ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

सुरुवातीला मला काहीच कळत नव्हतं. जे पांढरं चमकतं ते उचलून बघायचं, एवढंच. जुन्या बाजारात एक व्यापारी बसायचे. ताडपत्रीखाली पितळी दिवे, कुलपं, बंद पडलेली घड्याळं, घड्या घातलेली छत्री, चिनी मातीच्या बशा. त्यांनी मला चार-पाच रविवार नुसतं बघितलं. मग म्हणाले, "ताई, लोक जोडी शोधत येतात. तुम्ही नुसतं झाकण शोधताय. बसा."

त्यांच्याकडून मी शिकले ते असं. काठाच्या आत बारीक शिक्के असतात. चालणारा सिंह असेल तर विलायती चांदी, बाकीचे शिक्के गावाचे, सालाचे, कारागिराचे. ई, पी, एन, एस अशी चार अक्षरं दिसली तर वरवरचा मुलामा, खाली दुसराच धातू. हॉटेलांतून आणि क्लबांतून निघालेली बहुतेक झाकणं ही अशीच. मुलामा फार जुना असेल तर उंचवट्यांवर आणि कडेला झिजून खालचं तांबं लालसर दिसू लागतं, गोऱ्या माणसाचं नाक उन्हात होतं तसं. आपल्याकडच्या सोनारांनी साहेबांसाठी घडवलेलीही असतात, त्यांवर सिंह नसतो, पण चांदी खरी असते. म्हणून शिक्का नाही म्हणजे खोटं, असंही नाही. झाकण आणि डिश यांचे आकडे जुळले पाहिजेत. आणि शेवटचं म्हणजे, तोंडाजवळ धरून हा करून वाफ सोडायची. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा डाग वाफेत दिसतो. कुठे डाक दिलेला, म्हणजे धातू वितळवून सांधलेलं असेल, कुठे जुनं नाव घासून टाकलेलं असेल, तिथे वाफेचा रंग वेगळा पडतो. क्षणभरच. मग जातो.

मी वाफा सोडत हिंडले. जुना बाजार, कॅम्पातली दुकानं, येरवड्यात एका पाडायला घेतलेल्या बंगल्याच्या आवारात मांडलेलं सामान. हॉटेलची कव्हरं निघाली, केक झाकायचे पत्र्याचे घुमट निघाले, एकदा तर चोचीत काडी धरलेला पक्षीही निघाला, पण तो एका चमच्यावर. एकदा आकडा तीन असलेलं खऱ्या चांदीचं झाकण हाती आलं. काठाला मोत्यांची माळ होती, दोरी नव्हती. मी ते खाली ठेवलं आणि त्या दिवशी बसथांब्यावर बसून तीन बसा जाऊ दिल्या.

सात-आठ वर्षांनी मी त्या व्यापाऱ्यांना कारण सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं: तीन, दोरीची कड, पक्षी. आणि मला चहा मागवला.

निवृत्त झाल्यावर खरं तर वेळच वेळ होता, पण जोर राहिला नव्हता. गुडघे गेले. आईचं सगळं करायला लागत होतं, तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, गोळ्या द्यायच्या. रविवारी शेजारणीला आईपाशी बसवून मी बाजारात जायचे ते आता सवयीने. आई विचारायची, "आज बी फिराया चाललीस?" मी हो म्हणायचे. काही रविवार तर मी नुसती एका दगडावर बसून परत आले आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर त्या व्यापाऱ्यांचा फोन आला. "ताई, कॅम्पात एक फ्लॅट रिकामा होतोय. बाई एकट्या आहेत, मुलाकडे परदेशी चालल्यात. चांदी दाखवायला मला बोलावलं होतं. तुम्ही बघून घ्या." मग म्हणाले, "दोरीची कड आहे, ताई. पक्षी आहे."

मी दोन बसा बदलून गेले. जिना चढताना दोनदा थांबले. दार सत्तरीच्या बाईंनी उघडलं आणि मी त्यांना ओळखलं. त्या बंगल्यातल्या धाकट्या बाई, मोठ्या बाईंची मुलगी. आम्ही निघालो तेव्हा त्या कॉलेजात जात होत्या. त्यांनी मला ओळखायचं काही कारणच नव्हतं. पाय सुजलेले, हातात काठी. "या, या, शेठजींनी सांगितलं होतं. टेबलवरच ठेवलंय सगळं."

टेबलावर चार डिश होत्या आणि चार झाकणं.

मी पुन्हा मोजली. चार. मग बसले, विचारल्याशिवाय. पहिलं झाकण उचललं, आतला आकडा बघितला, डिशचा बघितला. दुसरं. तिसऱ्याला हात लावायला मला वेळ लागला. आत तीन होतं. डिशवर तीन होतं. मुठीवर तीन. झाकण ठेवलं तर नीट बसलं, डुगडुगलं नाही. मग मी ते तोंडाजवळ धरलं आणि मुठीच्या बुडाशी वाफ सोडली. रुपयाएवढा एक करडा डाग उमटला आणि विरला. तिथे डाक दिलेला होता.

"हे दुरुस्त केलंय कधीतरी," मी म्हणाले.

"वा, तुम्हाला बरोबर कळलं हं!" धाकट्या बाईंना कौतुक वाटलं. "डॅडींनी दिलं होतं रिपेअरला. फॉरेनला जाताना वाटेत कारागिराकडे टाकलं आणि विसरूनच गेले, परत आल्यावरही आठवलं नाही. चार-पाच महिन्यांनी त्या कारागिराचाच माणूस घेऊन आला. आम्हाला तर वाटलं होतं चोरीला गेलं. मम्मीने त्यावरून एका बाईला काढलं पण होतं."

"मग त्या बाईला कळवलं का?"

"कोण जाणे कुठे गेली होती. मम्मी म्हणाली, आता नवी बाई ठेवलीय, चांगली आहे, कशाला उकरून काढायचं."

"मांजरीला गेली होती," मी म्हणाले. "तुमच्या माळ्याची बायको होती ती. तुमच्या मम्मींना गाव माहीत होतं. दर दिवाळीला आम्ही तिथूनच तुमच्यासाठी गूळ आणायचो."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा हॉर्न धरून ठेवला होता.

"तू ती छोटी," त्या म्हणाल्या. "शनिवारी बसायचीस ती."

मी इतकी वर्षं या क्षणी काय बोलायचं ते मनात घोळवलं होतं, पण ती सगळी वाक्यं चोरासाठी होती. इथे चोर नव्हताच. वीस वर्षं मी बाजारात शोधलेलं झाकण त्याच घराच्या कपाटात, आपल्या डिशवर, नीट बसलेलं होतं. मला राग यायला हवा होता. मला फक्त फार थकल्यासारखं झालं. मी पाणी मागितलं.

पाणी आणताना त्यांच्या हातातून थोडं सांडलं. "आहे का ती?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्या खुर्चीत बसल्या आणि काठी मांडीवर आडवी धरून रडल्या. मी थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "हे घेऊन जा. डिश आणि झाकण. प्लीज. तिला दे."

"तिला विचारते," मी म्हणाले आणि निघाले.

आईला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, तिचा चहा झाल्यावर. सरळ सांगितलं, काही न गाळता. तिने ऐकलं. मग म्हणाली, "म्याच म्हनले व्हते साहेबास्नी, तिसऱ्याची मूठ हलती म्हनून. त्यो बघतो म्हनला."

"आई! मग तेव्हा बाईंना का नाही सांगितलंस?"

"मला काय ठावं त्यो घिऊन गेला ते? बघतो म्हनायची मोठ्या लोकांची सवय असती." मग तिने विचारलं, "मूठ सरळ बसवली का?"

"सरळ बसवलीय."

ती मान हलवत राहिली. डिश द्यायची म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घासायला कोन हाय इथं?" विषय संपला असं मला वाटलं. आठवडाभर ती कमी जेवली. मग एका दुपारी, मी तिच्या पायाला तेल लावत असताना म्हणाली, "तिला म्हनावं, काय द्याचं तर मांजरीला चल. माझ्या भावजयीम्होरं सांग."

मामी तेव्हा ऐंशीची होती. मामा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यांतल्याच एकीत, जमिनीच्या बदल्यात बिल्डरने दिलेल्या फ्लॅटमध्ये ती मुलाकडे राहायची. मी धाकट्या बाईंना फोन केला तो नकारच येईल या अपेक्षेने. त्यांनी विचारलं, "कधी?"

मी गाडी ठरवली. आधी आईला घेतलं, मग कॅम्पात जाऊन धाकट्या बाईंना. दोघी मागे बसल्या, मी पुढे. आई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "लई वाळलीस गं." धाकट्या बाईंनी तिचा हात धरला. आईने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. माफीचं काहीतरी बोलणं झालं. गाडीच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं आणि मी बाकीचं ऐकायचा प्रयत्न केला नाही.

मामी दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसली होती. आईला बघून उठायला गेली, जमलं नाही. आई तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसली, धाकट्या बाईंना शेजारी बसवलं आणि म्हणाली, "सांग."

धाकट्या बाईंनी सांगितलं. झाकण चोरीला गेलं नव्हतं, आमच्याच डॅडींनी दुरुस्तीला दिलं होतं, हिने काही घेतलं नव्हतं, चूक आमची होती. मामीला ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा जवळजवळ ओरडून. टीव्ही बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मामीने आईकडे बघितलं. "कसलं झाकन?"

मीच म्हटलं, "मामी, आम्ही तुमच्याकडे राहायला आलो होतो ना, बंगल्यातून काढलं तेव्हा. चांदी चोरली म्हणून."

"आगं बया, ते व्हय," मामी म्हणाली. "ते म्या कवाच इसरले."

आणि ती खरंच विसरली होती. तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती, अपराधही नव्हता. पन्नास वर्षं आईने जे पाठीवर वाहिलं ते समोरच्या बाईने केव्हाच कुठेतरी ठेवून दिलं होतं. मला वाटलं, आता आई उठेल. आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मामीला काय झालं ते कळलं नाही, पण तीही हसायला लागली. धाकट्या बाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

मामीच्या सुनेने पोहे आणले. मी आईकडे बघितलं. तिने बशी घेतली, दोन घास खाल्ले, "मीठ कमी हाय," म्हणाली आणि बाकीचे संपवले. पाणीही प्यायली.

परतताना हडपसरला गाडी अडकली ती अडकलीच. समोर ट्रक, दोन्ही बाजूंना दुचाक्या. मला वाटलं आई झोपली. थोड्या वेळाने मागून तिचा आवाज आला, "आधी हिला घरी सोड. हिचं पाय बघ किती सुजल्यात."

मी ड्रायव्हरला कॅम्पात घ्यायला सांगितलं.